टाकीतले जंत आणि काकूंची गोळी

मे महिना लागला की माझा फोन थांबत नाही. फिल्टर बसतात, पाणी गढूळतं, मासे वर येऊन तोंडं उघडतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकूंचा फोन मात्र वेगळाच होता. "अगं, टाकीत जंत झालेत. काचेवर वळवळतायत नुसते. आणि इकडे नातवाचं पोट दुखतंय. त्याला जंताची गोळी देऊ का?"

घरांमध्ये आणि दवाखान्यांमध्ये माशांच्या टाक्या बसवायच्या आणि पुढे त्या सांभाळायच्या, हा माझा व्यवसाय. पोट हा माझा विषय नव्हे. गोळीचं डॉक्टरांना विचारा, टाकीचं मी बघते, असं सांगून निघाले.

दोन फुटी टाकी. त्यात गप्पी, लाल चेरी झिंगे, जावा मॉस या पाणशेवाळाचा एक झुबका आणि काकांची लाडकी पट्टेरी नेराइट गोगलगाय. समोरच्या काचेवर पांढऱ्या बारीक धाग्यांची गर्दी. "शेवयांचे तुकडे हलतायत बघ," काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या. स्टुलावर औषधाची बाटली तयारच होती. दुकानदाराने काकांना सांगितलं होतं, "दवा नाखी दो, बधा मरी जशे." म्हणजे औषध टाका, सगळे मरतील. बाटलीवर माशाचं सुंदर चित्र होतं, आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. असली बाटली मी टाकीत ओतू देत नाही.

टाकीतला किडा ओळखायचा तर रंग आणि लांबी फार कामाला येत नाही. पांढरे आणि बारीक सगळेच असतात. चाल बघायची. गोलकृमी एका जागी फटके मारल्यासारखा दोन्हीकडून आपटत राहतो, पुढे काही सरकत नाही. जळू पुढची चूषणी टेकवते, मागची ओढून घेते, मग पुन्हा पुढची. लाल आणि पाण्यात आठचा आकडा काढत पोहणारा असेल तर तो कृमीच नव्हे, चिलटासारख्या माशीची अळी. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि भिंगाखाली तिला डोकं आणि आखूड पाय दिसतात. काकूंचे धागे काचेवरून सुटले की नागमोडी वळवळत खाली जात होते.

एक धागा ड्रॉपरने उचलला, पांढऱ्या बशीत सोडला आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने धरला. सोनार वापरतात ते दहापट भिंग माझ्या पर्समध्ये कायम असतं, मांडवीजवळ घेतलेलं. अंगावर कडी स्पष्ट होती, प्रत्येक कड्याला बारीक राठ केस, आणि पारदर्शक शरीरातून आरपार गेलेली आतड्याची काळपट रेघ. काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि हसलेच. "अहो, हे तर गांडूळच की, बारकं!"

काका चुकले नव्हते. हे गांडुळाच्याच कुळातले गाळकृमी. वाळूत राहतात, उरलेलं अन्न आणि विष्ठा खातात. माशांना चावत नाहीत, उलट गप्पी त्यांनाच गिळतात. काकूंचा प्रश्न तयार होता, "आणि पोटात गेले तर वाढणार नाहीत ना?" नाही. माणसाच्या पोटातला मोठा जंत वेगळा. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत जातात आणि तिथून न धुतलेल्या हातांनी, भाज्यांनी पुन्हा तोंडात येतात. माशांच्या टाकीशी त्याचा संबंध नाही. नातवाने हे सगळं दाराआडून ऐकलं आणि मला हळूच सांगितलं, "मावशी, मी कैऱ्या खाल्ल्यात. मीठ लावून. खूप." ते मी काकूंना सांगितलं नाही, त्याला सांगायला लावलं.

खरा प्रश्न वेगळा होता. गाळकृमी बहुतेक टाक्यांत असतातच, मग आत्ताच काचेवर का आले? पाण्यात थर्मामीटर सोडला: ३२ अंश. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तिशीत तो साडेसातच्या आसपास उतरतो. त्यात सुट्टी लागल्यापासून नातू येता-जाता चिमूट टाकत होता, आणि न खाल्लेला चारा वाळूत कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खात होता. "रात्री फिल्टर चालू असतो ना?" असं विचारल्यावर काकांनी काकूंकडे पाहिलं. घरघर होते म्हणून काकू झोपताना तो बंद करायच्या. वाळूत जीव गुदमरला की हे कृमी वर येणारच. त्यांना औषध घालून एकदम मारलं असतं तर ती सगळी प्रेतं त्याच वाळूत सडून अमोनिया वाढला असता आणि मासे गेले असते.

वाळू सायफनने उपसली, एक तृतीयांश पाणी बदललं, चारा दिवसातून एकदाच आणि दोन मिनिटांत संपेल एवढाच, असं ठरलं. आता निघायचंच, तेवढ्यात मॉसमागच्या अंधाऱ्या काचेवर काहीतरी सरकलं. वळवळ नाही, लाट नाही, सरळ घसरत गेलं. भिंग लावलं: चपटं अंग, त्रिकोणी डोकं, वर तिरळे वाटणारे दोन डोळे. प्लॅनेरिया, झिंग्यांची पिल्लं खाणारा चपटा कृमी.

"काका, झिंग्यांची पिल्लं दिसतात का हल्ली?" काका म्हणाले, तेच तर, माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसतात पण पिल्लं दिसतच नाहीत. मॉस नवाच आणला होता. बहुधा त्याच्याबरोबरच हे आले असावेत. काकांनी ब्लेड उचललं. मी हात धरला. याला कापून मारता येत नाही, तुकड्यातून नवा उगवतो. पुढे फळमाशीवरच्या कामासाठी १९३३ साली नोबेल मिळालेल्या थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ मध्ये दाखवलं होतं की प्लॅनेरियाच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी तयार होऊ शकतो. काकांनी ब्लेड खाली ठेवलं.

कच्च्या कोलंबीचा तुकडा नळीत घालून रात्री टाकीत ठेवायचा, हा सापळ्याचा चांगला उपाय. पण काकूंच्या घरात कोलंबी? चेहरा बघूनच मी विषय सोडला. बुडणाऱ्या चाऱ्याची वडी घातली. दिवे मालवल्यावर काकांनी टॉर्च मारून व्हिडिओ पाठवला; नळीत पाच-सहा जण जमले होते.

सापळ्याने संख्या कळते आणि थोडी घटते, मुळापासून जात नाहीत. त्यासाठी फेनबेंडाझोल लागतं, कुत्र्यांना जंतांवर देतात तेच. झिंगे ते साधारणपणे सोसतात, नेराइटला मात्र ते घातक ठरू शकतं. काकांचा जीव गोगलगाईत अडकलेला. शेवटी ती वेगळ्या बरणीत गेली आणि मगच टाकीत मोजून मात्रा पडली. मेलेले कृमी सायफनने काढले, पाणी बदललं. वाळूत औषध रेंगाळतं, म्हणून गोगलगाईला परत सोडायची मी घाई करू देत नाही. काका फोन करून विचारत असतात, आणि काकू मागून ओरडतात की बरणी ओट्यावरून हलव म्हणावं, मला पोळ्या लाटायला जागा नाही.