तो चेंडू शॉर्टस्टॉपचा होता का?

ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या क्रीडा विभागात मी नोकरी करते. पदाचं नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात सामन्यांच्या बातम्या लिहायच्या, आकडे सांभाळायचे, वेबसाइटवर फोटो चढवायचे आणि घरच्या मैदानावर बेसबॉल असला की अधिकृत स्कोअरर म्हणून बसायचं. मार्चअखेरच्या एका शनिवारी, मोसमातल्या आमच्या घरच्या पहिल्याच सामन्यात, मी पाचव्या इनिंगमध्ये ‘ई-६’ लिहिलं. सहा म्हणजे शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक. ई म्हणजे एरर, त्याची चूक. सामना आम्ही ६-२ असा हरलो, त्याचं फारसं काही नाही. ते ‘ई-६’ मात्र अजून डोक्यातून जात नाही.

मुंबईत असताना मी कांगा लीगचे सामने लिहायचे. भर पावसाळ्यात, चिखलातल्या विकेटवर. तिथे झेल सुटला तर स्कोअरर हळहळतो आणि पडलेल्या धावा मुकाट्याने फलंदाजाच्या नावावर लिहितो. बेसबॉलमध्ये स्कोअररला मत असावं लागतं. चेंडू फटकावून बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तर तो त्याच्या कर्तबगारीने पोचला (हिट) की समोरच्याच्या चुकीने (एरर), हे मी ठरवायचं आणि पुढचा चेंडू पडायच्या आत ठरवायचं. या खेळाच्या बॉक्स स्कोअरचा, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याचा, जनक मानला जाणारा हेन्री चॅडविक मुळात क्रिकेटचा वार्ताहर होता, हे कळल्यावर मला गंमत वाटली होती. हल्ली तितकीशी वाटत नाही.

त्या दिवशी ३९ अंश फॅरेनहाइट तापमान होतं, म्हणजे आपले चार. वर लेफ्ट फील्डकडून वारा. त्याआधीचे सामने आम्ही फ्लोरिडात खेळून आलो होतो. उत्तरेतली बरीच कॉलेजं तेच करतात, कारण इथे मैदानावरचा बर्फ वितळायचा असतो. तिथल्या उन्हात आमची टीम बॅटिंग ॲव्हरेज, म्हणजे बॅटिंगच्या संधींमागे हिट्सचं प्रमाण, ०.३३१ झाली होती आणि मुलं हवेत होती. पण तिथे त्रयस्थ मैदानावर कागदोपत्री ज्याला यजमान ठरवलं जातं, त्या संघाचा माणूस लिहायला बसतो, आणि काही जण फार उदार असतात. हातमोज्यातून निसटलेले दोन चेंडू आमच्या मुलांच्या नावावर हिट म्हणून लागलेले मी स्वतः पाहिले. बोलले नाही. आम्ही ज्या गटात खेळतो त्या डिव्हिजन थ्रीमध्ये नियमित मोसम जास्तीत जास्त ४० सामन्यांचा. सुरुवातीच्या आठ-दहा सामन्यांत दोन फुकटच्या हिट्सनीही एखाद्याची ॲव्हरेज कुठल्या कुठे जाते.

थंडीत सगळं उलटं होतं. ॲल्युमिनियमची बॅट चेंडूला नीट मधोमध लागली नाही तर बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, मग मुलं मोकळेपणाने फटकावतच नाहीत. आम्हाला नऊ इनिंगमध्ये चार हिट्स मिळाल्या. चेंडू टाकणाऱ्या पिचरला तर चेंडूची शिवणच बोटांना जाणवत नाही. आमचा पिचर दुसऱ्या वर्षाचा, उंच, अबोल मुलगा. फ्लोरिडात त्याने ११ इनिंगमध्ये तीनच वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला फुकटचा पहिला बेस) दिले होते आणि तीनच अर्न्ड रन्स, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय झालेले, पिचरच्या नावावर लागणारे रन्स. इथे तो प्रत्येक चेंडूआधी हातावर फुंकर घालत होता.

पाचव्या इनिंगमध्ये दोन आउट, बेस रिकामे. त्याच्यावर तोवर एक अर्न्ड रन लागलेला. पाहुण्यांचा डावखुरा, पळायला तेज बॅटर. त्याने जमिनीलगत मारलेला चेंडू शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खिंडीकडे गेला. आमचा शॉर्टस्टॉप पहिल्याच वर्षाचा. चार पावलं पळून उलट्या हाताने पोचला. चेंडू शेवटच्या टप्प्याला किंचित उसळला, हातमोज्याच्या टाचेला लागला आणि त्याच्या पायाशी पडला. उचलून फेकेपर्यंत बॅटर बेसवर.

मी ‘ई-६’ लिहिलं.

त्यानंतर वॉक. मग डबल, म्हणजे बॅटरला थेट दुसऱ्या बेसवर नेणारी हिट, त्यावर दोन रन्स. मग परत वॉक. मग होमरन, त्यावर तीन. एकूण पाच रन्स. कोचने पिचर बदलला, नव्याने येऊन एकाला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) केलं आणि इनिंग संपली.

बाहेरच्यांना आता सांगायला हवं की अर्न्ड रन ठरवताना आम्ही ती इनिंग एरर वगळून मनातल्या मनात पुन्हा खेळतो. शॉर्टस्टॉपने तो चेंडू नीट घेतला असता तर तिसरा आउट तिथेच झाला असता आणि इनिंग संपली असती. म्हणजे नंतरचं काहीच घडलं नसतं. म्हणून पाचही रन्स अनअर्न्ड. पिचरच्या हिशेबात शून्य. बदली पिचरला हे छत्र मिळत नाही. त्याने नव्याने बेसवर सोडलेल्या बॅटरने रन काढला असता, तर तो त्याच्या नावावर अर्न्ड म्हणूनच लागला असता. त्याच इनिंगमध्ये, त्याच एररनंतर.

आता आकडे बघा. त्या दिवसापर्यंत पिचरचे एकूण १५ पूर्णांक दोन-तृतीयांश इनिंग. मी एरर दिली, तर चार अर्न्ड रन्स आणि ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे अर्न्ड रन्स, २.३०. हिट दिली असती तर नऊ अर्न्ड रन्स आणि ईआरए ५.१७. समोरच्या बॅटरचा मोसम एररमुळे २० पैकी ५, म्हणजे ०.२५०, हिट दिली असती तर ०.३००. पेन्सिलीच्या एका अक्षराने इतकं.

इनिंग संपायच्या आत माझ्या फोनवर शॉर्टस्टॉपच्या आईची ईमेल आली होती. आम्ही आकडे थेट वेबसाइटवर टाकतो, आईवडील घरी बसून बघत असतात. ‘उसळी दिसली नाही का तुम्हाला?’ उसळी दिसली होती, बाई. पुढच्या इनिंगला पाहुण्यांचा आकडेवाला बूथमध्ये आला. सभ्य माणूस, त्याने फक्त विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “तू काय दिलं असतंस?” तो हसला आणि कॉफी घेऊन गेला.

नियमपुस्तकाची कसोटी अशी: त्या पातळीच्या सरासरी खेळाडूने साधारण प्रयत्नात आउट करायला हवा होता का? आणि मैदानाची व हवेची अवस्था लक्षात घेऊन. गोम तिथेच आहे. चार अंशांत, गोठून कडक झालेल्या मातीवर, बधिर हातांचा सरासरी शॉर्टस्टॉप. तो कुठे भेटतो? मी व्हिडिओ दोन्ही कोनांतून पाहिला. चेंडू नीट हातात आला असता तर बॅटर बेसपासून तीन पावलं लांब असताना फेक पोचली असती. उसळी होती, पण हातमोजा तिथे पोचला होता. माझा निर्णय मी बदललेला नाही.

पण मला टोचतं ते वेगळंच. दोन आउटनंतरचे ते दोन वॉक, ती डबल, तो होमरन यातलं काहीच शॉर्टस्टॉपने केलेलं नाही. त्या दिवशी पिचरने पाच इनिंगही पूर्ण न करता चार वॉक दिले. २००१ मध्ये बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक वोरोस मॅक्रॅकन याने मांडलं होतं की मैदानात खेळला गेलेला चेंडू हिट होतो की आउट, यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्याहून फार कमी असतो. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन मात्र त्याचेच. या नजरेने तो दिवस वाईट होता. ईआरए म्हणतो, उत्तम होता.

आणि छोट्या कॉलेजांत निवाडा करणारी मीच आणि गुणगान लिहिणारीही मीच. आठवड्याच्या सर्वोत्तम पिचरसाठी कॉन्फरन्सकडे, म्हणजे आमच्या कॉलेजांच्या लीगकडे, शिफारस सोमवारी सकाळपर्यंत जायची असते. आमच्या साहेबांचा आग्रह होता, ‘२.३० आहे, पाठव ना.’ साहेबांना बेसबॉलमधला फक्त हा एक आकडा कळतो, आणि तो मीच बनवलेला.

त्याआधी पिचर माझ्या टेबलापाशी आला, स्कोअरशीट बघायला. बोटाने पाचवी इनिंग शोधली. म्हणाला, “ते पाच माझे नाहीत?” मी म्हटलं, “हिशेबात नाहीत.” तो म्हणाला, “होमरनवाला चेंडू मधोमध पडला. बोटं लागतच नव्हती.” मग बराच वेळ बोललो, ते चेंडूच्या पकडीबद्दल आणि खिशातल्या गरम पुड्यांबद्दल.

पिचरच्या रकान्यात मी कोणाचंच नाव पाठवलं नाही. बॅटरच्या रकान्यात शॉर्टस्टॉपचं पाठवलं. त्याची ॲव्हरेज संघात सगळ्यांत जास्त होती आणि फ्लोरिडातल्या त्या दोन हिट्सपैकी एक त्याचीच होती. साहेबांनी विचारलं नाही. त्याच्या आईने आभाराची ईमेल पाठवली, आणि खाली ताजा कलम: ‘ती एरर बदलणार का?’