तुम्ही विचारलंत म्हणून : सात टाळ्यांचं नाव

‘‘मॅडम, जपानी शिकताना कुठलं गाणं ऐकू?’’ दर बॅचला कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात एखादं संथ, शब्द नीट कळतील असं प्रेमगीत असतं. मी सांगते, क्यारी पम्यु पम्यु या जपानी पॉप गायिकेची ‘मोशी मोशी हाराजुकू’ ही सीडी ऐका. आठवड्याने मंडळी परत येतात ती कपाळाला आठ्या घालून. ‘‘हे काय होतं? चावीच्या खेळण्याला ताप आल्यासारखं वाजतंय!’’

वाजतं खरं तसं. ही तिची पहिली सीडी, १७ ऑगस्ट २०११ची. लहानशीच, पूर्ण अल्बम पुढच्या वर्षी आला. ती तेव्हा अठरा वर्षांची. तोवर लोक तिला ओळखायचे ते हाराजुकूच्या, म्हणजे टोकियोतल्या तरुण फॅशनच्या वस्तीच्या, मासिकांतली मॉडेल म्हणून. संगीत नाकाता यासुताकाचं, म्हणजे ‘पर्फ्युम’ या तीन मुलींच्या ग्रुपला इलेक्ट्रोपॉपमध्ये, म्हणजे सिंथेसायझरवरच्या पॉप संगीतात, नावारूपाला आणणारा तोच. पर्फ्युमचे आवाज त्याने पार यंत्रात घोळवून काढले. क्यारीचा आवाज मात्र बराचसा तसाच ठेवला, अंगणात एकटीच खेळताना गुणगुणणाऱ्या मुलीसारखा. भावना ओतून गाणं हा प्रकारच नाही. आपल्या कानांना ते आधी खटकतं. मलाही खटकलं होतं.

त्यातलं गाजलेलं गाणं ‘पोनपोनपोन’. व्हिडिओत सुरुवातीलाच ती कानातून माइक ओढून काढते. मग गुलाबी खोली, खेळण्यांचा ढीग, कवट्या, डोळे, पावाचे स्लाइस. हा पसारा मांडला मासुदा सेबास्टियनने. हाराजुकूत १९९५पासून त्याचं दुकान आहे, नाव ‘६% डोकीडोकी’. डोकीडोकी म्हणजे छातीतली धडधड.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे अशा जोडशब्दांवर. डोकीडोकी, धडधड. किराकिरा, लखलख. पाऊस झाझा पडतो, आपल्याकडे धो धो. शितोशितो पडला तर आपली रिपरिप. एखादा पेरापेरा जपानी बोलतो तेव्हा आपण म्हणतो, काय फाडफाड बोलतोय! पाठ्यपुस्तकात हे शब्द उशिरा येतात, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला ते एकेक करून घोकावे लागतात. मराठी माणसाच्या कानात त्यांची जागा आधीपासून तयार असते. ‘पोनपोन’ म्हणजे हलकेच थोपटल्याचा आवाज, आणि लहान मुलांच्या बोलीत पोटसुद्धा. ‘मोशी मोशी’ हा फोनवरचा हॅलो, तोही जोडीनेच येतो. या सीडीवरचं ‘चेरी बोनबोन’ मला फारसं आवडत नाही, पण जोडी तिथेही आहेच.

एवढं सोपं, मग अडतं कुठे? तिच्या नावात. ‘क्यारी’ हे तिला शाळेतल्या मैत्रिणींनी पाडलेलं नाव. ‘पम्यु पम्यु’ला अर्थ नाही, ते फक्त गोड वाटतं म्हणून जोडलंय. खुद्द जपानी लोकांची जीभ या नावावर अडखळते. आपली नाही, म्युनिसिपालटी म्हणणाऱ्या जिभेला ‘म्यु’चं काय कौतुक! आपलं दुखणं वेगळं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ करायची सवय हाडीमाशी मुरलेली. त्यामुळे वर्गात सगळे ‘पम्यूऽ पम्यूऽ’ म्हणतात. (मी वर ‘हाराजुकू’ लिहिलंय तेही याच सवयीने. शेवटचा ‘कु’ खरं तर ऱ्हस्व.) जपानीत ऱ्हस्व-दीर्घ चुकला की अर्थच फिरू शकतो. ‘युकि’ म्हणजे बर्फ, ‘यूकि’ म्हणजे धैर्य.

म्हणून ‘पोनपोनपोन’ हे गाणं. त्याचा ठोका घड्याळासारखा पडतो, बोलताना अक्षरं तशी मोजायची सवय लागते. आधी गाणं लावते, मग ते बंद करून नाव म्हणायला लावते, प्रत्येक मात्रेला एक टाळी : क्या, रि, इ, प, म्यु, प, म्यु. सात. कुणाचीतरी आठवी टाळी पडतेच, बहुधा मागच्या बाकावरून. मग पुन्हा पहिल्यापासून.