कबुतरांचा वाडा

फ्रान्समध्ये, रुआँला भाच्याकडे आठ दिवस होते. त्यातले सात पावसात आणि त्याच्या खोलीची साफसफाई करण्यात गेले. आठव्या दिवशी तो म्हणाला, "मामी, चल, तुला इथला वाडा दाखवतो."

रविवार होता. दिएपपर्यंत रेल्वे मिळाली, पुढे बसच नव्हती. टॅक्सीवाल्याने जेमतेम आठ किलोमीटरचे २८ युरो घेतले. मनात रुपये करून बघितले आणि वाड्याचं गाव, वारांजव्हिल, येईपर्यंत भाच्याशी बोलले नाही.

अशा वाड्याला फ्रेंचमध्ये मान्वार म्हणतात. मान्वार म्हणजे राजवाडा नव्हे, किल्लाही नव्हे. शेतीवाडी राखून असलेल्या बड्या असामीचं गावाकडचं घर. हा 'मान्वार द आंगो' साधारण १५३० ते १५४५ या काळात बांधलेला. मधे मोठं अंगण, भोवती इमारती. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी असा. एका बाजूला इटालियन धाटणीच्या कमानींची ओसरी आहे. भिंती मात्र अस्सल नॉर्मंडीच्या: चकमकीचा दगड, वीट आणि वालुकाश्म.

मालक जाँ आंगो, दिएपचा जहाजवाला. त्याची जहाजं १५२९ मध्ये पार सुमात्राला पोचली होती. मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसने तिथून स्पेनच्या राजाला धाडलेला खजिना वाटेत लुटणारा कप्तान याच्याच पदरचा. पोर्तुगीजांची जहाजं पकडायचा तर त्याच्याकडे फ्रान्सच्या राजाचा लेखी परवाना होता. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती जाऊन वीसेक वर्षं झालेली. त्यांनाही कुणी लुटत होतं हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण माझे पाय अडकले ते अंगणातल्या कबुतरखान्यापाशी. डोंबिवलीत गॅलरीला जाळी लावून, रोज सकाळी विष्ठा खरवडणारी बाई मी. आणि इथे कबुतरांसाठी चक्क गोल बुरूज, वर कांद्याच्या आकाराचा घुमट! बाहेरून विटा आणि दगडांचे नक्षीदार पट्टे, एकावर एक, प्रत्येक पट्ट्याची वीण वेगळी. खणाच्या चोळीसारखा दिसतो. माणसांच्या घरावर एवढी हौस केलेली नाही. आत भिंतभर कोनाडे, एका जोडीला एक, असे सुमारे १६००. म्हणजे ३२०० कबुतरं. माझ्या अंगावर काटाच आला.

"एवढी कशाला पाळायची?" भाच्याने विचारलं.

खायला. शिवाय विष्ठेचं खत जोरदार. पण खरं कारण मिरवणं. असा बुरूज बांधणं हा जमीनदारीचा मान होता, ऐऱ्यागैऱ्याला ती मुभा नव्हती. कबुतरं दाणा टिपायची ती आसपासच्या कुळांच्या शेतातला. पेरलेलं बी डोळ्यांदेखत उचललं जायचं आणि पाखराला हात लावायची चोरी. हे कळल्यावर ती नक्षी मला जरा कमी सुंदर दिसू लागली.

ऑगस्ट १७८९ मध्ये, राज्यक्रांतीत, फ्रान्सच्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, तेव्हा त्या हुकुमाचं दुसरंच कलम कबुतरखान्यांचं होतं. शिकारीचा हक्क त्याच्याही नंतर, तिसऱ्या कलमात. ठरलेल्या काळात कबुतरं कोंडून ठेवायची. तेव्हा ती शेतात दिसली तर ज्याचं शेत त्याने खुशाल मारावीत. किती वर्षांचा राग साठला असेल! जाळीवाल्याची वाट बघत दोन-दोन महिने काढलेल्या माणसाला तो कळतो.

आंगोला अर्थात यातलं काही बघावं लागलं नाही. पाठीराखा राजा १५४७ मध्ये गेला, मग घेणेकरी आणि कोर्टकज्जे मागे लागले. १५५१ मध्ये तो कफल्लक होऊन दिएपमध्ये वारला. वाड्याची पुढे शेतघरासारखी वापरणूक झाली.

नंतर समुद्रकड्यावरचं चर्च आणि चित्रकार ब्राकची कबर बघितली. वारा असा की डोक्यावरचा स्कार्फ दोनदा उडाला.

परतीच्या गाडीत ह्यांचा फोन आला. "अगं, एसीच्या मागे पुन्हा दोन अंडी घातलीत. काय करू?"

मी त्यांना दुसरं कलम समजावून सांगितलं.

"बरं," हे म्हणाले. "पण अंड्यांचं काय करू?"