ओळंबा, बदक आणि आईच्या पाटल्या

रविवार, रात्रीचे साडेअकरा

गुरुवारपासून पाऊस एकसारखा लागलाय. डिचोलीच्या नदीला पाणी किती चढलं हे विचारायला सकाळपासून तिघांचे फोन. दुपारी पुतण्या पणजीहून भिजत आला आणि खिशातून पेनड्राइव्ह काढून म्हणाला, "काका, तुमच्या कामाचा पिक्चर आणलाय. सगळा जमिनीखालीच आहे."

'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ'. १९५९चा, जेम्स मेसनचा. ज्यूल व्हर्नची मूळ कादंबरी १८६४ची.

लोहखनिजाच्या खाणीवर सर्व्हेअर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. २०१२ला खाणी बंद झाल्या आणि मी घरी बसलो. तेव्हापासून पडद्यावर कोणी भुयारात उतरलं की मी चुका मोजायला बसतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे ऑडिटरबरोबर जेवायला बसणं. ती आज मुद्दामच स्वयंपाकघरात राहिली असावी. मी, पुतण्या आणि आई असे तिघे बसलो.

पण ह्या सिनेमाने मला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच गप्प केलं. एडिंबरोच्या प्राध्यापकाला त्याचा विद्यार्थी लाव्ह्याचा एक दगड भेट देतो. दगड असायला हवा त्यापेक्षा जड. का जड, म्हणून भट्टीत घालतात, स्फोट होतो, आणि आत निघतो ओळंबा! तीनशे वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटात उतरलेल्या माणसाने त्यावर निरोप कोरून पाठवलेला. तलवार नाही, नकाशा नाही, दोरीला लावायचं साधं वजन. माझं निम्मं आयुष्य त्या वजनाखाली गेलं. पुढे भुयारात वाट चुकू नये म्हणून त्याच माणसाने खडकावर तीन-तीन खाचा मारून ठेवलेल्या दिसतात. आम्हीही असेच बेंचमार्क, म्हणजे मोजणीच्या खुणा, मारत असू, फक्त तेलरंगाने. आणि ते एका पावसाळ्यात धुऊन जायचे.

मग मोजणी सुरू झालीच. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. सोव्हिएत रशियाने कोला इथे १२,२६२ मीटर खोल भोक पाडलं, तर तळाशी १८० अंश. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे हे टाचणीने नारळाचं सोडण टोचण्यातलंच. आणि इथे ही मंडळी आइसलँडच्या ज्वालामुखीतून उतरतात, दिवसचे दिवस चालतात, आणि बाईंच्या केसांची एक बट हलत नाही. गाणारा हिरो पॅट बून, त्याचा शर्ट मात्र लवकर जातो. त्याला म्हणे गायला आणलेलाच होता. त्याची गाणी पुतण्याने पुढे ढकलली, आणि मी त्याला अडवलं नाही.

खाली डायमेट्रोडॉन आले. डायनासोरच्याही आधी होऊन गेलेला प्राणी. सिनेमावाल्यांनी जिवंत इग्वाना आणून त्यांच्या पाठीवर खोटी शिडं चिकटवलीत. आई म्हणाली, "ही तर घोरपड." जवळजवळ बरोबर. आमच्या लहानपणी चवथीच्या आरतीला वाजणाऱ्या घुमट वाद्यावर तिचंच कातडं असे, आई कशी फसणार? पण ती हसली नाही. पाय वर घेऊन बसली. देवळात काल्याच्या नाटकात संकासुर राक्षस यायचा तेव्हा काळ्या कपड्यातला माणूस गावातलाच, सकाळी आमच्याकडे दूध घालणारा, हे आम्हा पोरांना ठाऊक असायचं. तरी तो वळला की पळायचो. मी विचार करत होतो की आताच्या संगणकी राक्षसांना आई इतकी का घाबरत नाही. ह्या घोरपडी खरंच श्वास घेत होत्या म्हणून असेल.

त्यात संगीत. बर्नार्ड हर्मनने एकही व्हायोलिन वापरलेलं नाही. एक मोठा चर्चमधला ऑर्गन, चार इलेक्ट्रिक ऑर्गन, बाकी फुंकून वाजवायची वाद्यं, तालवाद्यं आणि हार्प. खोल उतरताना खालचा सूर असा धरून ठेवतो की आमच्या टीव्हीचं फळकुट थरथरायला लागलं.

राक्षसी आळंब्यांचं रान आलं तेव्हा आई उठून पडद्याजवळ गेली. "येदीं व्हडलीं आळमी!" रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, आळमी बाजारात अजून धड आलेली नाहीत, आली तर भाव ऐकून परत यावं लागतं, आणि ही माणसं ती तोडून त्यांच्या देठांचा तराफा करतात. "शिजवायची सोडून?" हा आईचा ह्या सिनेमावरचा सर्वांत गंभीर आक्षेप.

तो तराफा भूगर्भातल्या समुद्रात भोवऱ्यात सापडतो. प्राध्यापक सांगतो, हाच पृथ्वीचा मध्य, इथे उत्तर-दक्षिण चुंबकशक्ती एकत्र येतात. आणि सगळ्यांच्या अंगठ्या, दातांतलं सोनंसुद्धा उडून जातं! "भांगर गेलें मरे!" म्हणत आईने पदराखाली पाटल्या धरल्या. मी समजावलं की सोनं चुंबकाला लागत नाही. गेल्या वर्षी तुझा एमआरआय काढला, त्या यंत्राचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकापेक्षा सुमारे ३०,००० पट जोरदार, तेही सोनं ओढून घेणार नाही. "मग पाटल्या काढायला का लावल्या?" त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला ती थांबली नाही.

माझं भांडण वेगळंच. पृथ्वीच्या मध्यावर वजनच नसतं. चारी बाजूंनी सारखी ओढ, म्हणजे ओळंबा लटकणार कुठे? तिथे 'खाली' ही दिशाच संपते. ज्या सिनेमाची सुरुवात ओळंब्याने होते त्याला शेवटी ओळंब्याचीच आठवण राहू नये! हे मी पुतण्याला सांगत होतो, एवढ्यात खलनायक काउंटने बदक खाल्लं.

गर्ट्रूड. आइसलँडच्या हान्सचं बदक, सुरुवातीपासून बरोबर चालत आलेलं. बाकीचे झोपलेत आणि भुकेला काउंट ते मारून खातो. नेमकी तेव्हाच वीज गेली.

अर्धा तास अंधारात आईने काउंटच्या सात पिढ्या काढल्या. हीच बाई रविवारी कोंबडीची शागोती करते, पण ते बोलायची माझी टाप नव्हती. "पाळलेलें कोण खाता?" एवढंच पुन्हा पुन्हा. बायको मेणबत्ती घेऊन आली, काय झालं विचारून तीही बसली.

वीज आल्यावर काउंट दगडांखाली गेला आणि घरात समाधान झालं. मग बुडालेलं अटलांटिस, जुन्या संशोधकाचा सांगाडा, त्याच्या पिशवीतली बंदुकीची दारू. तीनशे वर्षांची, आणि पहिल्याच ठिणगीला पेटते. आमच्याकडे जूनपासून आगपेटी तांदळाच्या डब्यात ठेवावी लागते. यज्ञाच्या दगडी परातीत बसून चौघं लाव्ह्यावरून उसळत स्ट्रॉम्बोलीच्या तोंडातून बाहेर. पॅट बून मठाच्या बागेत उघडाबंब झाडावर, समोर नन्स. मी इतका हसलो की चूक मोजायची राहिली.

आत्ता कपाटातून माझा जुना पितळी ओळंबा काढून बघितला. हिरवट पडलाय. चिंच लावून घासायला हवा. आई अजून जागी आहे. मघाशी आतून विचारलंन, "तें बदक खरेंच मेलें काय रे?"

"नाही गं. तो सिनेमा."

"आनी काउंट?"