आजीची मुलाखत आणि जन्मतारखेचा रकाना

दिवाळीच्या सुट्टीत आम्हा नववीच्या मुलांना निबंध दिला होता: घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्या आणि त्यांच्या किशोरवयावर लिहा. सोबत छापील प्रश्नावली. जन्मतारीख, शाळेचं नाव, आवडता विषय, छंद, सहलीची आठवण, आनंदाचा अविस्मरणीय क्षण. तळाशी ठळक सूचना, एकही रकाना रिकामा ठेवू नये. त्या कागदावरचा माझा राग अजून गेलेला नाही. माझे चार दिवस त्यानं खाल्ले.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. पहिल्याच रकान्याला गाडी अडली. आधारकार्डावर 1 जून 1958. आजी म्हणाली, "ती मास्तरांनी घातलेली. खरी कुणाला ठावं?" गावाकडच्या कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो तो असाच. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी ही तारीख टाकून मोकळे व्हायचे. शाळा? चौथीनंतर सुटली. छंद? "कसला छंद? पाणी आणायचं, शेण काढायचं." सहल? आजी नुसती बघत राहिली. मी प्रत्येक प्रश्न पुन्हा, जरा मोठ्यानं विचारत होते. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण दर प्रश्नाला तिला "न्हाई" म्हणायला लागत होतं.

मग मी विचारलं, लग्न कधी झालं? आजी उठून आतच गेली.

दोन दिवस विषय बंद. तिसऱ्या दिवशी रात्री तिनं मला जवळ बोलावलं. "हे शाळंत वाचत्यात का गं? माझ्या बाचं नाव त्यात घालू नगंस." तेव्हा कळलं. लहान वयात लग्न लावलं म्हणून वारलेल्या बापावर बालंट येईल, ही तिला भीती होती. लग्न झालं दुष्काळ उठल्यावर, दुसऱ्या वैशाखात, म्हणजे 1974. कागदावरच्या तारखेनं तिला सोळावं सरायचं होतं. मी शोधून पाहिलं. तेव्हा मुलीच्या लग्नाचं कायद्यानं किमान वय पंधरा होतं, ते अठरा झालं 1978 साली. पंधराव्या वर्षी लग्न ही कल्पनाच मला सहन होत नाही, पण तिला हे सांगणं गरजेचं होतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजी बाला कुणी धरलं नसतं."

त्यानंतर प्रश्नावली मी दप्तरात टाकली. दुसऱ्या दिवशी ज्वारी निवडायला तिच्याशेजारी बसले. हात कामात असले की आजी बोलते. साल विचारू नका, हे मला तिथंच समजलं. "भूकंपाला मी तिसरीत व्हते," म्हणाली की समजायचं, कोयनेचा भूकंप, डिसेंबर 1967. दुष्काळ म्हणजे 1972.

सुपातले दाणे बघूनच तिला मिलो आठवली, रेशनवर मिळायची ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. "भाकरी थापताना मोडायची, पर खायची." तेव्हा ती चौदाची. बा, आई आणि ती, तिघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. लहान पोरीला कामावर घेत नव्हते, म्हणून हजेरीपटावर मुकादमानं तिचं वय अठरा लिहिलं. बोटांना चिंध्या गुंडाळून दगड धरायचा, हातोडी मारायची, संध्याकाळी ढीग मापून द्यायचा. त्यांच्या शिवारातल्या पाझर तलावाच्या भरावावरही तिनं पाट्या वाहिल्या. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, त्याच्या आधीची ही दुष्काळी कामं. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण माझ्या घरातल्या माणसानं तिथं दगड फोडलेत हे माहीत नव्हतं.

हो, एक राहिलं. तुम्हीही अशी मुलाखत घेताना मोबाइलवर रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, आणि मोबाइल समोर न ठेवता जरा बाजूला ठेवा. आणि आजीचं बोलणं तिच्या बोलीतच उतरवा. मी आधी "व्हतं"चं "होतं" केलं होतं, तर वाचताना ती आजी वाटेचना.

निबंध मी वेगळ्या कागदावर लिहिला. लग्नाबद्दल काय लिहायचं ते आजीला विचारूनच लिहिलं, तिच्या बाचं नाव कुठंही घातलं नाही. प्रश्नावलीत छंद आणि सहल हे रकाने कोरे सोडले, त्याचे दोन गुण कापले गेले. चौदाव्या वर्षी खडी फोडणाऱ्या मुलीच्या छंदाच्या रकान्यात काय लिहायचं होतं, हे मी बाईंना विचारलं. त्यांनी निबंध पुन्हा मागून घेतला आहे.

देण्याआधी आजीला वाचून दाखवला. तिनं एकच चूक काढली. "कामावर खायला सुकडी मिळायची. गोड व्हती. ती लिव्हली न्हाईस."

समासात लिहिली.