राणीचा गाडा

मंगळवार, रात्र

पहाटे पाचला आमच्या अधू कुत्र्यांच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा ढब्बूने गादी भिजवून ठेवली होती. त्याचं हे रोजचंच. कणा दुखावला तो अगदी खालच्या टोकाला, त्यामुळे मूत्राशयाचं तोंड सैल पडलंय. कूस बदलली, भुंकला, शिंकला, की थेंब गळतात. नव्या माणसाला वाटतं, याचं आपोआप होतंय, याची काळजी नाही. खरी काळजी याचीच. थेंब गळतात म्हणून पिशवी रिकामी होत नाही. आत तळाशी उरतंच, आणि बाहेर मांडीची कातडी लघवीने भाजून लाल होते. ज्यांना मार पाठीच्या मध्यावर बसलाय त्यांची पिशवी उलट गाठ मारल्यासारखी घट्ट असते. दाबून दाबून माझे अंगठे दुखतात, पण मधल्या वेळात ती बहुतेक कोरडी राहतात.

पोट दाबून लघवी काढण्याच्या या कामाला आम्ही सरळ ‘मुतवणं’ म्हणतो. नव्या मुलाला शिकवताना मी दोन दिवस ‘मूत्राशय रिकामं करणं’ म्हणत होते. तिसऱ्या दिवशी तोच विचारायला लागला, “ताई, ढब्बूला मुतवलं का?” तेव्हा मीही नाद सोडला.

शिकवायला मात्र हे काम अवघड आहे. दोन्ही तळवे सपाट ठेवून पोटाच्या दोन बाजूंनी, मांड्यांच्या जरा पुढे धरायचं. बोटं खुपसायची नाहीत. आतडं हाताखालून निसटून जातं, आत शी असेल तर ती खड्यांसारखी लागते, आणि मग पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हाताला येतं. तो सापडला की घाई न करता दाब वाढवत न्यायचा, शेपटीच्या दिशेने. धार लागली की दाब सोडायचा नाही. आणि धार थांबली की लगेच उठायचं नाही, सगळी गंमत इथेच आहे. पुन्हा चाचपून बघितलं तर निदान पाव हिस्सा आत राहिलेला असतो. तो तसाच ठेवला की दोन-चार दिवसांत त्याचा वास यायला लागतो. फार वेळ तुंबू दिलं तर पिशवीची भिंतच ताणून ढिली पडते, मग पुढे कितीही दाबा.

दहा कुत्री, दिवसातून चार वेळा, म्हणजे 40. प्रत्येक वेळची नोंद वहीत: वेळ, किती, रंग, वास, शी झाली का. वहीत रकाने दहा आहेत. राणीचा रकाना तीन आठवडे कोरा आहे. टिकली नवी, तिची नोंद शेवटच्या पानावर.

दुपारी डॉक्टर येऊन गेले. टिकलीला बघायचं होतं. महिन्यापूर्वी आली तेव्हा ती गाडीखाली सापडून दोन दिवस झालेले होते. नवा मुलगा उत्साहाने सांगत होता, “डॉक्टर, हिला कळतं! पायाला हात लावला की पाय ओढून घेते!” डॉक्टरांनी चिमट्याने तिच्या मागच्या पायाचं बोट चांगलं जोरात दाबलं. पाय झटकन मागे आला. टिकली मात्र खिडकीवरच्या चिमणीकडे बघत होती. मान वळली नाही, कान हलले नाहीत. पाय ओढणं कण्यातल्या कण्यात होतं, मेंदूपर्यंत निरोप जावा लागत नाही. दुखलं असतं तर तिने वळून बघितलं असतं, केकाटली असती, निदान डॉक्टरांचा हात तरी पकडला असता. मुलाचा चेहरा पडला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाही असाच पडला असणार.

“मागच्या पायांना चाकांचा गाडा लावा हिला,” डॉक्टर म्हणाले. “पुढचे पाय, खांदे उत्तम आहेत. मापाचा गाडा आहे ना तुमच्याकडे?”

आहे. खिळ्याला टांगलेला आहे. मी “बघते” म्हटलं.

बुधवार

दिवसभर पाऊस. सहा चादरी वाळल्या नाहीत. ओल्या दिवसांत माशा कुठून येतात कळत नाही, आणि लघवीने ओल्या कातडीवर माशीने अंडी घातली तर दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात. म्हणून सगळ्यांच्या मांड्या, शेपटीखालचा भाग, बोटांच्या बेचक्या, कोमट पाण्याने पुसून, कोरड्या करून, पुन्हा पुसून. संपवता संपवता दहा वाजले. गाड्याचं बघायला वेळ झाला नाही. (वेळ होता. वीस मिनिटं होती.)

गुरुवार, रात्र

पहाटे ढब्बूजवळ बसले आणि वास आला. रोजचा नव्हे, जरा गोडसर, कुजका. वाटीत धरली तर लघवी ढगाळ, तळाशी धाग्यासारखं काहीतरी. ताप 103.8. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 101 ते 102.5 म्हणजे ठीक, पण हे ठीक नव्हतं. ढब्बू मात्र माझ्या बाहीचं बटण खाण्याच्या खटपटीत. त्याला तिथलं काही जाणवतच नाही. जळजळ नाही, कळ नाही. दुसरं कुत्रं वारंवार मुतायला बसतं, कण्हतं, चाटत बसतं, आपल्याला सांगतं. याच्या बाबतीत सांगणारं कोणी असेल तर वही आणि माझं नाक.

वही चाळली. मंगळवार रात्रीचा रकाना: ‘थोडी’. अक्षर माझं. पुन्हा चाचपून बघितलं होतं का? आठवत नाही. आठवत नाही याचा अर्थ नाही बघितलं.

मावशी चादरी पिळत होत्या. “ताई, आज सापडलं ना? मग झालं तर.” मावशींचं बरोबर असतं बहुतेक वेळा. नमुना पाठवला. कुठला जंतू आणि कुठल्या औषधाला दबतो ते कळल्याशिवाय डॉक्टर उगाच गोळ्या बदलत बसत नाहीत, कारण असल्या कुत्र्यांना हे वर्षात कितीदा तरी होतं आणि साधी औषधं लवकर निकामी ठरतात. तोवर सुरुवातीचं औषध चालू. पाणी भरपूर.

राणीचंही असंच सुरू झालं होतं. तिचं दोन वर्षांत पाच-सहा वेळा झालं, पाच-सहा वेळा बरं झालं, आणि मग एकदा वर मूत्रपिंडापर्यंत गेलं. खाणं सुटलं, उलट्या, शेवटी मान उचलून बघेना. आठ दिवस सलाईन. नवव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. ते म्हणाले होते, तुमच्याकडून काही राहिलं म्हणून हे झालेलं नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते, दिवसा.

शुक्रवार

आज बघायला माणसं आली होती, दोन कुटुंबं. मुलं चांगली होती, खाली बसून हात पुढे करून थांबली. मोठ्यांचं एकच पालुपद, “अरेरे, बिचारा!” टकटकला बघून तर एका बाईंच्या डोळ्यांत पाणी. टकटक लहानपणी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगातून वाचला. वाचला, पण तो विषाणू मज्जासंस्थेत आपली खूण ठेवून गेला. त्याचा डावा खांदा आणि जबडा दर सेकंदाला उडतो, घड्याळासारखा, झोपेतसुद्धा. त्यांच्यादेखत तो अंगाखाली चोरलेला कोणाचातरी मोजा दाबून झोपेचं सोंग करत होता. बिचारा तो नव्हता, मोजेवाला होता.

भोवऱ्याला बघून मात्र सगळे हसले आणि मग हसल्याबद्दल ओशाळले. त्याचा तोल सांभाळणारा लहान मेंदू जन्मतःच पुरता वाढलेला नाही. ताटलीकडे निघतो, ताटलीच्या पुढे जातो, मागे येतो, बसतो, डोकं हलवत हलवत नेम धरतो आणि थोबाड ताटलीत आपटतो. हे वाढत नाही, दुखत नाही, आणि त्याला सरळ चालणं कसं असतं हे माहीतच नाही. मी त्यांना म्हटलं, हसा हो, आम्ही रोज हसतो.

कीव आली म्हणून मदत मिळते, हेही खरं आहे. चादरी त्यातूनच येतात. तेव्हा मी फार बोलत नाही. पण कीव करणाराचं लक्ष कुत्र्याच्या डोळ्यांकडे असतं आणि मला बघायचं असतं नितंबाचं हाड. तिथे केस विरळ होऊन कातडी गुलाबी दिसायला लागली का, म्हणजे आत जखम धरतेय. ज्यांना स्वतःला कूस बदलता येत नाही त्यांची कूस आम्ही चार तासांच्या आत बदलतो. गादी कितीही मऊ असो.

टिकलीने रात्री उजव्या मागच्या पायाचं बोट कुरतडलंय. नखापाशी रक्त. बधिर पायाला कधीकधी मुंग्या आल्यासारखं होत असावं, किंवा तो पाय आपला आहे असं तिला वाटत नसावं, कोण जाणे. ड्रेसिंग केलं, पुन्हा कुरतडू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घातली. रिकामी पडून राहते म्हणूनही असेल हे. मावशी काही बोलल्या नाहीत. नुसत्या खिळ्याकडे बघितलं आणि चादरी घेऊन गेल्या.

रविवार, रात्र

काढला.

धूळ पुसली. अॅल्युमिनियमची चौकट, दोन चाकं, मधे मांड्या अडकवायची रबराची दोन कडी, मागे पाय टेकवायला पट्ट्यांच्या झोळ्या, पुढे छातीचा पट्टा. छातीच्या पट्ट्याच्या चिकटपट्टीत राणीचे केस अडकलेले, तांबूस, आखूड. चिमट्याने एकेक काढत बसले तर अर्धा तास जाईल म्हणून टूथब्रश घेतला. केसांची एवढीशी गुंडाळी झाली. ती कुठे ठेवायची ते सुचेना, शेवटी केराच्या डब्यात टाकली. डाव्या पट्ट्यावर तिच्या दातांच्या खुणा आहेत, पहिल्या आठवड्यात तिने तो खाऊन टाकायचा निर्धार केला होता.

राणी 16 किलोची, टिकली 11. रुंदी दोन बोटं आत घेतली, उंची एक भोक खाली. बोल्ट गंजलेले, एलन की दोनदा घसरली. कुत्र्याचं निम्म्याहून जास्त, साधारण 60 टक्के वजन पुढच्याच पायांवर असतं, म्हणून मागचं गेलं तरी ती निभावून नेतात. पण गाड्याचा आस चुकीच्या जागी बसला तर उरलेलं ओझंही खांद्यांवर येतं आणि धडके पायही बिघडतात. पाठ जमिनीला समांतर हवी. टिकलीची आधी नाक खाली अशी उतरती दिसत होती. दोनदा खोललं, तिसऱ्यांदा जमलं.

अंगणात सोडली तर ही पुतळा. पाच मिनिटं हलेचना. मग मांजर कुंपणावरून गेलं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही कारण सगळं फार भरभर झालं. टिकली निघाली ती थेट कुंपणापर्यंत. वळताना एक चाक उचललं, मी ओरडले, चाक खाली आलं, आणि ती परत निघाली. डावं चाक कुरकुरत होतं, राणीच्या वेळेसारखंच. तो आवाज ऐकून मास्तर उठला. मास्तर दोन्ही डोळ्यांनी आंधळा, त्याला अंगण पाठ आहे, म्हणून आम्ही बादलीसुद्धा जागची हलवत नाही. राणी होती तेव्हा तो त्या कुरकुरीच्या मागे मागे फिरायचा. मी जागच्या जागी थांबले. मावशीही थांबल्या. मास्तर आला, टिकलीला पुढून हुंगलं, मागून हुंगलं, पाय वर केला, चाकावर मुतला आणि आपल्या जागेवर जाऊन झोपला.

मावशी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर मी एक मूर्खपणा केला. चाक धुतलं आणि त्यात तेल घातलं. चाक गुळगुळीत, बिनआवाजी. दहा मिनिटांत टिकली मास्तरच्या अंगावर जाऊन आदळली, कारण त्याला ती येतेय हे कळलंच नाही. दोघांनाही लागलं नाही, पण मास्तर चिडला आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसला. नव्या मुलाने कुठून तरी एक घुंगरू शोधून आणलं, ते आसाला तारेने बांधलं. मुलगा कामाचा आहे.

वीस मिनिटांत गाडा काढला. पहिल्या दिवशी तेवढं पुरे, गाड्यात असताना बसता येत नाही, आडवं होता येत नाही, आणि दमले हे यांच्या लक्षात येत नाही. काखेत, जांघेत पट्टा कुठे घासला का ते बघितलं. उजव्या काखेत जरा लाल. उद्या तिथे कापसाची घडी घालायची. टिकली जमिनीवर टेकली तशी झोपली, कॉलरसकट, तोंड उघडं टाकून. बोटाकडे तिने संध्याकाळपर्यंत बघितलंही नाही.

ढब्बूचा ताप 102.1. लघवी अजून गढूळ, पण तो वास गेला. अहवाल परवा येईल.

दहाची फेरी झाली. आता वहीत दहावा रकाना मी टिकलीचा केलाय, तिला आधी शेवटच्या पानावर मांडत होतो. राणीचं नाव खोडलं नाही, खाली लिहिलं. रात्री 10.20, टिकली: भरपूर, पिवळी, स्वच्छ. दुसऱ्यांदा चाचपलं, अजून थोडी निघाली. शी नाही.