आरपी, ओसीटी आणि मायक्रॉन : माझ्या डोळ्यांचं दर वर्षीचं इन्स्पेक्शन

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे, 14 वर्षं झाली. दिवसभर हातात व्हर्नियर नायतर मायक्रोमीटर. हे सांगायचं कारण एवढंच की डॉक्टर मॅडमच्या तोंडून "मायक्रॉन" (मिलिमीटरचा हजारावा भाग) शब्द ऐकला तेव्हा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की कायतरी मला कळणारं बोलणं चाललंय.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, सगळे आरपीच म्हणतात. साधारण 4000 माणसांत एकाला असतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या पेशी हळूहळू मरत जातात, आधी अंधारात बघायच्या, मग उजेडातल्या, आणि बाजूचं दिसणं कमी होत होत मधलं तेवढं उरतं. लहानपणी लाईट गेली की मी भिंत धरून चालायचो, घरचे म्हणायचे भित्रा आहे. आजारच आहे हे कळलं 2018 ला. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर गेलो होतो, पणत्या लावलेल्या, त्या सगळ्या दिसत होत्या मला, फक्त पायाखालची पायरी दिसली नाही. मनगट मोडलं. त्याआधी दोन वेळा डोळे तपासून झाले होते, दोन्ही वेळा तक्ता वाचून दाखवला, 6/6, काही नाही जावा. तक्ता मधल्या नजरेनं वाचतात आणि माझं मधलं शाबूत होतं, मग काय सापडणार.

मनगटाच्या प्लास्टरसकट मी डोळ्यांच्या एका सेंटरला गेलो, तिथं बाहुल्या मोठ्या करून पडदा बघितला आणि कडेला काळे डाग आहेत म्हणाले. आरपी. इलाज नाही, दर वर्षी स्कॅन करत राहा. 2019 ला ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, केला, एक रंगीत प्रिंट हातात दिली, मी ती फाईलला लावली आणि विषय संपला असं समजलो. पुढच्या वर्षी लॉकडाऊन. 2021 ला दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो तर तिथल्या मॅडमनी प्रिंट उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, याची ओरिजिनल फाईल कुठाय? जुन्या सेंटरला फोन केला तर त्यांची हार्ड डिस्क उडालेली. म्हणजे माझं पहिलं रीडिंग गेलं. कारखान्यात असं झालं असतं तर मी ऑपरेटरला फाडून खाल्लं असतं, इथं मात्र गप फोन ठेवला. तसंही त्या प्रिंटचा उपयोग फार झाला नसता, कारण मशीन वेगळं. एका कंपनीच्या मशीनवरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरच्या आकड्याशी लावता येत नाही, पडद्याची जाडी मोजताना कोण कुठल्या थरापासून मोजतं तेच वेगवेगळं असतं.

म्हणून 2021 पासून सगळं नव्यानं. ओसीटीला दुखत बिखत काही नाही, डोळ्याला काही टेकतही नाही. हनुवटी ठेवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आतल्या खुणेवर नजर धरायची आणि पापणी पाडायची नाही. डोळ्यात सोडलेला प्रकाश पडद्याच्या वेगवेगळ्या थरांवरून परत येतो त्याचा हिशेब लावून कॉम्प्युटरवर उभा काप दिसतो, चिरोटा मधोमध कापल्यावर पदर दिसतात तसा. त्यात खालच्या बाजूला एक ठळक पांढरी रेष असते, इलिप्सॉइड झोन तिचं नाव. जिथवर ही रेष आहे तिथवर प्रकाश पकडणाऱ्या पेशी बऱ्यापैकी धड आहेत. माझी रेष मध्ये ठळक आणि दोन्हीकडं जाता जाता विरत गेलेली. मॅडमनी माऊसनं या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. उजवा डोळा 2730 मायक्रॉन. म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, आमच्याकडं एवढ्या जाडीचा वॉशर येतो.

मग दुसरा फोटो, ऑटोफ्लोरेसन्स. यात निळा उजेड सोडतात, तो माझ्यासारख्याला भयंकर लागतो, नंतर दोन मिनिटं समोर कोण उभं आहे कळत नाही. पडद्यामागच्या थरात लिपोफ्युसिन नावाचा कचरा साठलेला असतो तो या उजेडात चमकतो आणि फोटो काळापांढरा येतो. आरपीत बऱ्याच जणांना त्यात मधल्या भागाभोवती एक पांढरं कडं दिसतं, कड्याच्या आतलं अजून चालू, बाहेरचं गेलेलं किंवा जात आलेलं. वर्षागणिक कडं आवळत जातं. आई सोबत होती, ती स्क्रीनकडं बघून म्हणाली, "बिलवर दिसतोय की रं." तेव्हापासून दर वर्षी घरी पोचलो की तिचा एकच प्रश्न, बिलवर किती आवळला?

दर वर्षी तेच हॉस्पिटल, तेच मशीन, आणि मशीनला फॉलोअप मोड असतो तो लावायचा. त्यात मशीन जुना फोटो ओळखून, रक्तवाहिन्यांवरून जागा पकडून, नेमका त्याच जागेवर परत स्कॅन घेतं. आमच्या भाषेत फिक्स्चर, जॉब दर वेळी त्याच जागी पकडून ठेवणारं. फिक्स्चर नसेल तर जॉब जरा तिरका लागला तरी आकडा बदलतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं पण ऐकल्या ऐकल्या पटलं. 2022 ला 2610 आले तेव्हा स्कॅन करणाऱ्या ताईंना म्हणालो परत मोजा. त्या हसल्या, पण मोजलं. 2580. परत, 2630. त्याच फोटोवर. म्हणजे रेष कुठं संपते हे बघणाऱ्याच्या नजरेवर आहे आणि पन्नासेक मायक्रॉनचा फरक नुसता हाताचा असू शकतो. तेव्हापासून पाच-पन्नास मायक्रॉननं माझी झोप उडत नाही. 2023 ला 2440, ते मात्र हाताचं नव्हतं.

त्याच 2023 ची एक फजिती. रिपोर्टवर मधल्या भागाची जाडी असते, डाव्या डोळ्याची आधी 251 मायक्रॉन होती ती 338 झाली. पेशी मरतायत आणि जाडी वाढली, म्हणजे सुधारलं की! पार्किंगमधूनच मी भावाला फोन करून सांगितलं, पेढे आण म्हणालो. मॅडमनी स्कॅन उघडला तर आत काळे काळे फुगे, पाणी साठलेलं. आरपीत मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, अशी सूज येते, बऱ्याच जणांना. मला तर दिसण्यात काही फरकही कळला नव्हता. डोर्झोलामाइडचे ड्रॉप दिले, तीन महिन्यांनी परत स्कॅन, 274. "इलाज नाही तर कशाला दर वर्षी पैसे घालवतोस" असं विचारणाऱ्या मामांना मी हेच सांगतो. ते अजून गाजरं पाठवतात, मी खातो.

फील्डची टेस्टपण असते, बाजूचं कुठवर दिसतं ते बघायची, अंधारात ठिपका दिसला की बटण दाबायचं, तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. नाईट शिफ्ट करून गेलो होतो तेव्हा इतकी वाईट आली की घरी कुणाला दाखवली नाही. पंधरा दिवसांनी परत केली, ठीक. मॅडम म्हणतात दोन्ही लागतं, फोटोत पेशी दिसतात आणि फील्डमध्ये त्या पेशींचा उपयोग.

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की चार-पाच तास जवळचं धुरकट, म्हणून एकटं जाऊ नका. मी एकदा गेलो, राजारामपुरीत चहा घेतला आणि फोनवर पैसे किती टाकले तेच दिसेना, चहावाल्याला म्हणालो भावा तूच आकडा टाक. टाकला बिचाऱ्यानं, दहाच.

जीन टेस्ट नंतर केली. ईवायएस नावाचा जीन, दोन्ही कॉप्यांत एकच बदल. आई-वडील मामे-आते भावंडं, आपल्याकडं मामाची मुलगी करतातच, आणि दोघांकडून तीच एक चूक आली. 2017 ला अमेरिकेत जीन थेरपीला परवानगी मिळाली ती आरपीई65 जीनवाल्यांसाठी, माझ्यासाठी नाही. उद्या ईवायएसवर काही ट्रायल निघालीच तर आधीचे फोटो, झिजण्याचा वेग हे सगळं विचारतील, म्हणून आता प्रिंट घेत नाही. पेनड्राईव्हवर पूर्ण स्कॅन घेतो, एक कॉपी घरी, एक मेलवर.

भावाला मात्र न्यायला दोन वर्षं लागली. "मला दिसतंय की" एवढंच उत्तर. शेवटी यंदा पेढ्यांचं आठवण करून करून नेला. त्याचा ओसीटी मी बाजूला उभा राहून बघितला, रेष डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, कुठंच विरली नाही. कडंही नाही. जीनच्या रिपोर्टात एकच कॉपी बिघडलेली, म्हणजे त्याला आजार नाही. घरी आल्यावर आईनं सवयीनं विचारलं बिलवर किती, तर तो म्हणाला मला बिलवरच नाही. आई काही बोलली नाही, माझ्या थेंबांची बाटली फ्रीजवर होती ती उचलून परत तिथंच ठेवली.